घरातली दगडी फरशी: विदर्भातल्या खेड्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी हातातली ॲसिडची बाटली खाली ठेवा, मग पुढचे वाचा. दगडी फरशीच्या तक्रारी घरोघरी वेगळ्या असतात, पण खोलात गेले की कारणे दोनच निघतात: वरून पडलेले आंबट आणि खालून चढलेले पाणी.

आमच्या घरात कोणता दगड आहे, हे कसे ओळखायचे?

आपल्याकडे साधारण हेच प्रकार दिसतात. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, रंगाने राखाडी-निळसर. तांदूर तेलंगणातली, निळसर किंवा पिवळट. कोटा राजस्थानातला, हिरवट-निळा किंवा तपकिरी. कडप्पा आंध्रातला, काळा. ओट्याला, पायरीला आणि भिंतीतल्या फळ्यांना तोच असतो. हे चारही चुनखडीचे दगड. मार्बलही मुळात तीच चुनखडी, जमिनीत उष्णतेने आणि दाबाने बदललेली. गडचांदूर-आवारपूरकडच्या सिमेंट कारखान्यांत जो दगड भाजला जातो, तो तुमच्या शहाबादीचा नातेवाईकच समजा.

ग्रॅनाइट आणि जुन्या वाड्यांतला आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, यांची जात वेगळी.

शंका असेल तर दाराआड किंवा धान्याच्या कोठीखालच्या जागेत, नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी, खिळ्याने बारीक ओरखडा काढा आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. पाच मिनिटांनी पुसा. बारीक बुडबुडे आले किंवा जागा फिकट-खरखरीत झाली, तर दगड चुनखडीचा. काहीच झाले नाही तर ग्रॅनाइट किंवा बेसाल्ट. काळा ग्रॅनाइट म्हणून कडप्पा गळ्यात मारला गेला आहे का, हेही यातूनच कळते.

रोज पोछा कशाने मारावा?

पोछ्याच्या आधी झाडणे महत्त्वाचे. चुनखडीचा कठीणपणा मोजपट्टीवर ३ आणि रेतीतल्या गारगोटीचा ७. वावरातून पायाला लागून आलेली रेती ओल्या पोछ्याखाली फिरली की ती पॉलिश पेपरचेच काम करते. दारातून माजघराकडे जाणारी वाट मंद आणि कडेची फरशी चकचकीत दिसते, त्याचे कारण हेच. मऊ फड्याने कोरडे झाडा. दाराबाहेर एक आणि आत एक अशी दोन पायपुसणी ठेवा. बाहेरचे खरबरीत, आतले सुती. एवढ्याने जितके काम होते तितके कोणत्याही महागड्या बाटलीने होत नाही.

पोछ्यासाठी ५ लिटर पाण्यात भांड्याचे पातळ साबण एक चहाचा चमचा. जास्त नको. नंतर दुसऱ्या बकेटीतल्या साध्या पाण्याने पुन्हा एकदा पोछा. पाणी गढूळ झाले की बदला, नाहीतर घाण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेल्यासारखेच होते. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडा असतो आणि त्याचा पांढुरका थर राहतो. फिनाईलने दगड बिघडत नाही, पण रोज वापरले तर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ काळी पडते. आठवड्यातून एकदा, तेही बाटलीवर लिहिलेल्या मापाने, पुरे.

चुलीची राख किंवा निरमा टाकून घासले तर?

खरबरीत, पॉलिश न केलेल्या शहाबादीवर कधीतरी चालेल. पॉलिशवर नको. राखेतले कण ओरखडे पाडतात.

मिस्त्री म्हणतो ॲसिडने फरशी नवी होते. खरे का?

पहिल्या दिवशी दिसते तशी. ॲसिड चुनखडी विरघळवते. फेस येतो तो मळाचा नसून तुमच्या दगडाचा असतो. वरचा मळका पापुद्रा दगडासकट निघून जातो, म्हणून खालचा ताजा रंग दिसतो. पण पृष्ठभाग आता उघडा आणि खडबडीत झालेला असतो. महिन्याभरात तो पूर्वीपेक्षा जास्त मळ धरतो, मग पुन्हा ॲसिड, आणि पुन्हा. सांध्यातले सिमेंटही ॲसिडने झिजते. सांधे उघडतात, त्यातून पाणी खाली जाते आणि मुंग्या माती वर काढू लागतात.

संडास साफ करायच्या निळ्या द्रवातही मीठ-आम्लच असते. तो भांड्यापुरता ठेवा, न्हाणीतल्या कडप्प्यावर ओतू नका. आणि एक गोष्ट जिवाशी गाठ म्हणून लक्षात ठेवा: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र किंवा एकामागोमाग वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीत तो छाती भरून टाकतो.

स्वयंपाकघरातली आंबट वस्तूही तेच काम सावकाश करते. लिंबू, चिंच, ताक, संत्र्याचा रस, महालक्ष्म्यांची आंबील, बाटलीतले थंड पेय. पंगत उठली की खरकटे पुसून, मगच बाकीची आवराआवर.

लिंबू पडून कडप्प्याच्या ओट्यावर पांढरा डाग पडला. कितीही घासला तरी जात नाही.

जाणारही नाही, कारण तो डाग नाहीच. तिथला दगड खाल्ला गेला आहे. वर काही लागलेले नसल्यामुळे साबणाला काढण्यासारखे काही उरत नाही. उपाय एकच, आजूबाजूचा पृष्ठभाग त्याच पातळीवर आणणे.

हार्डवेअरच्या दुकानात काळा वॉटर पेपर मिळतो. २२०, ४०० आणि ६०० नंबरचा एकेक कागद आणा. लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळा. डागावर पाणी ठेवून २२० ने गोल फिरवत घासा, डागाच्या बाहेर चार बोटे जाईपर्यंत. मधेच थांबून पुसा आणि तिरपे बघा. डागाची कड दिसेनाशी झाली की धुऊन ४०० घ्या, मग ६००. प्रत्येक नंबराआधी आधीचा काळा चिखल पूर्ण धुवा, नाहीतर त्यातला जाड कण नवे ओरखडे पाडतो. शेवटी ओटा दिवसभर सुकू द्या आणि मेडिकलमधले लिक्विड पॅराफिन सुती कपड्यावर ८-१० थेंब घेऊन चोळा. अर्ध्या तासाने कोरड्या कपड्याने जादाचे पुसून काढा. रंग पुन्हा गडद होतो आणि हे तेल खवट होत नाही. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा लावावे लागते.

हे ओट्यापुरते. अख्ख्या खोलीला असे डाग असतील तर हाताने घासत बसू नका, घिसाईचे मशीन लावा.

कुलरच्या खाली पांढरे टणक थर जमले आहेत. काय लावू?

उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त येणारा हा प्रश्न, आणि उत्तर कोणाला आवडत नाही. बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुना असतो. कुलरचे पाणी टपकते, उडून जाते आणि चुना मागे राहतो. एप्रिल ते जून रोज हेच. हा थर आणि तुमची फरशी, दोन्ही रसायनाने एकच. त्यामुळे थर विरघळवणारी कोणतीही वस्तू फरशीही विरघळवणार. कुलरच्या टाकीतला थर लिंबाने काढता येतो, फरशीवरचा नाही.

मग खरवडावे लागते. थरावर ओले फडके तासभर ठेवा, मग प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी चपटी धरून कडेपासून उचला. उरलेले वॉटर पेपरने, वर सांगितल्याप्रमाणे. पुढच्या वर्षी कुलरखाली कडा असलेला पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा ट्रे ठेवा आणि टाकीचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण सोडा. पाणी न बदलता वरून भरतच राहिले तर चुन्याचे प्रमाण दर दिवसाला वाढते.

आरओचे वाया जाणारे पाणी पोछ्याला वापरतो. चांगले ना?

पाणी वाचवण्याचा हेतू चांगला, जागा चुकीची. मूळ पाण्यातले क्षार याच पाण्यात जास्त दाट होऊन येतात. पोछा वाळला की फरशीवर धुरकट थर दिसतो तो त्याचा. ते संडासात वापरा. पोछ्याला पावसाचे किंवा नळयोजनेचे पाणी मिळाले तर उत्तम.

हळद सांडली, साबण लावला तर डाग लाल झाला!

घाबरू नका. हळदीचा रंग साबण, सोडा, राख किंवा चुना लागला की लाल होतो, कुंकू तसेच तर करतात. साध्या पाण्याने धुतले की पुन्हा पिवळा होईल. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. सपरीत किंवा खिडकीपाशी ऊन येत असेल तर डाग ओला करून चार-सहा दिवस उन्हात राहू द्या, बराचसा उडतो.

ऊन पोहोचत नसेल तर लेप लावा. मेडिकलमधले ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बिनसुगंधी टाल्कम पावडर, श्रीखंडाइतके घट्ट कालवा. हातमोजे घाला. डागावर पाव इंच जाड थापा, डागाच्या बाहेर एक इंच. वर प्लास्टिक टाकून कडा चिकटपट्टीने बंद करा. २४ तासांनी प्लास्टिक काढा, पण लेप तसाच ठेवून पूर्ण सुकू द्या. खरे काम सुकतानाच होते, कारण पाणी वर येताना डागाला घेऊन येते. मे महिन्यात हे लवकर होईल, पावसाळ्यात दोन दिवस लागतील. मग खरवडून धुवा. एकदा भागले नाही तर पुन्हा. कडप्प्यासारख्या काळ्या दगडावर हा लेप आधी कोपऱ्यात करून पाहा, रंग फिका पडू शकतो.

खर्ऱ्याचे डाग?

खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना. सुपारीचा लाल रंग चुन्यामुळे अधिक पक्का होतो आणि तिच्यातला तुरट भाग लोखंडाशी भेटला की काळा पडतो. म्हणून लोखंडी पलंगाच्या पायाशी थुंकल्याचे डाग काळेकुट्ट दिसतात. ताज्या डागाला लगेच पाणी. जुन्याला वरचाच पेरॉक्साइडचा लेप, दोन-तीन वेळा. काळा झालेला भाग पूर्ण जाईल अशी आशा ठेवू नका. सपरीच्या कोपऱ्यात रेती भरलेला डबा ठेवणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. माणूस सुधारायची वाट पाहण्यापेक्षा लवकर होतो.

तेल, डिझेल, ऑइल सांडले तर?

घासू नका. घासल्याने तेल आत दाबले जाते. आधी लाकडाचा भुसा, कोरडी माती किंवा बेसन, जे हाताशी असेल ते टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी झाडून भांड्याच्या साबणाने धुवा. डाग उरला तर टाल्कम पावडर आणि टर्पेंटाइनचा लेप. खिडक्या उघड्या ठेवा, आणि शेगडी, चूल, उदबत्ती काहीही पेटलेले नको. पणत्यांचे तेल, मोटारसायकलचे ऑइल, सगळ्याला हीच रीत.

सिलिंडरखाली जंगाचा गोल पडला आहे.

(गंज म्हणावे तर आपल्याकडे भाजीचे पातेले डोळ्यांसमोर येते, म्हणून जंगच म्हणू.) वरवरचा असेल तर ओला नायलॉनचा ब्रश आणि साबण. आत उतरलेला जंग चुनखडीतून घरच्या घरी निघत नाही. दुकानातले जंग काढायचे द्रव बहुधा ॲसिडचे असतात. काहींत तर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते, ते ग्रॅनाइटलाही खाते आणि कातडीला फार घातक आहे. मशीनची घिसाई होईल तेव्हा तो भाग दोन फेऱ्या जास्त करून घ्या. तोवर सिलिंडर, पेटी आणि पलंगाच्या पायांखाली जुन्या ट्यूबचे रबर कापून ठेवा.

पावसाळ्यात फरशी ओली-ओली राहते. पाणी खालून येते की हवेतले आहे?

एक चाचणी करा. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक कोरड्या पुसलेल्या फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. २४ तासांनी बघा. प्लास्टिकच्या वरच्या बाजूला पाणी असेल तर हवेतले बाष्प थंड दगडावर बसते आहे. पंखा लावा, दुपारी दमट हवा आत येऊ देऊ नका, काळजीचे कारण नाही. खालच्या बाजूला थेंब असतील किंवा दगड गडद झाला असेल तर ओल जमिनीतून चढते आहे.

जमिनीतली ओल पुसून जात नाही. घराबाहेर जा आणि पाणी कुठे मुरते ते शोधा. न्हाणीचे पाणी भिंतीलगत सोडलेले असते, छपराची पागोळी जोत्याशीच पडते, सांधवाडीत भाजीला दिलेले पाणी भिंतीकडे उतरते. जोत्याभोवती अडीच-तीन फूट रुंद सिमेंटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि त्यापुढे नाली. बहुतेक घरांत पुढच्या पावसाळ्यात फरक दिसतो.

अशा फरशीवर रेग्झीनची चटई अंथरू नका. ओल वर येऊन तिथेच कोंडते, खाली बुरशी आणि काळे डाग होतात, आणि उचलल्यावर कुबट वास येतो.

फरशीवर पांढरा खार फुटतो आहे.

वरच्याच ओलीचे हे पुढचे पाऊल. पाणी जमिनीतले क्षार वर आणते, स्वतः उडून जाते, क्षार राहतो. लोक लगेच धुतात आणि चार दिवसांनी पुन्हा तेच, कारण धुतल्याने क्षार विरघळून परत दगडात शिरतो. कोरड्या ब्रशने झाडा, सुपडीत गोळा करा, बाहेर टाका. धुणे नको. ओलीचा स्रोत बंद झाल्यावर खार एक-दोन हंगाम येत राहतो, दरवेळी कमी.

शहाबादीच्या खपल्या का निघतात?

ती थराथरांनी बनलेली आहे. क्षार थरांच्या मधे शिरून तिथे स्फटिक होतो, फुगतो आणि वरचा पापुद्रा उचलतो. न्हाणीच्या दाराशी आणि मिठाच्या बरण्यांखाली हे आधी दिसते. नाण्याएवढी खपली असेल तर सुटे भाग काढून इपॉक्सी (दोन भाग कालवले की कडक होणारा चिकट मसाला) भरता येते. हाताने खडखडवल्यावर अख्खा थर हलत असेल तर ती फरशी बदला.

खताची चुंगडी घरात ठेवावी लागतात. त्याने काही होते का?

होते. सिंगल सुपर फॉस्फेट आंबट असते, चुनखडी खाते. अमोनियम सल्फेटही. युरिया हवेतले पाणी ओढतो, पाझरतो आणि खाराला आयते खाद्य देतो. फरशीपासून चार इंच उंच लाकडी किंवा बांबूची मांडणी करा, त्याखाली प्लास्टिक पसरा, आणि भिंतीपासून अर्धा हात सोडा. कीटकनाशक घरात कालवूच नका, दगड ते पितो आणि लेकरे त्याच फरशीवर रांगतात. सांडलेच तर हातमोजे घालून कोरडी माती टाका, ती माती गोळा करून बंद पिशवीत ठेवा. पाणी ओतून नालीत सोडू नका.

घरात भरलेला कापूस मात्र फरशीला काही करत नाही. ओली फरशी कापसाचे नुकसान करते.

फरशी एका बाजूने खचली आहे, चालताना पोकळ वाजते.

हा आपल्याकडचा खास आजार, कारण आपली जमीन. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भेगांत हात जाईल इतकी. जोत्यात भर टाकताना पैसे वाचवायला तीच माती टाकली असेल तर फरशी दरवर्षी वर-खाली होते. दगड वाकत नाही, म्हणून तुटतो किंवा खालून सुटतो.

आधी नाण्याने किंवा लाकडी दांड्याने सगळी खोली ठोकून बघा आणि पोकळ वाजणाऱ्या फरश्यांवर खडूने खूण करा. खुणा विखुरलेल्या असतील तर बसवताना मसाला कमी पडला आहे, तेवढ्याच फरश्या काढून बसवता येतील. खुणा एकाच भिंतीलगत असतील तर त्या बाजूने पाणी मुरते आहे. ते आधी थांबवा. आणि सगळी खोलीच वाजत असेल तर वरवरची दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात.

एक फरशी बदलण्याची रीत: चारही बाजूंचे सांधे छिन्नीने किंवा कटरने पूर्ण मोकळे करा, नाहीतर उचलताना शेजारची तुटते. फरशी काढून खालचा सुटा मसाला पक्का थर लागेपर्यंत उकरा. खड्डा खोल असेल तर ओला मुरूम टाकून धुम्मसने ठोका. त्यावर एक भाग सिमेंट, सहा भाग रेतीचा इंचभर मसाला, मग दाट सिमेंटचा घोळ. फरशी पाठीमागून धुऊन ओली करून ठेवा आणि रबरी हातोड्याने मधून कडेकडे ठोकत बसवा. पाणसळ शेजारच्या फरशीवर टेकवून चारही बाजूंनी बघा. दोन बाय दोन फुटांच्या फरशीला घोळासह साधारण ४ किलो सिमेंट आणि घमेलेभर रेती लागते. २४ तास पाय नको, ७ दिवस ओले बारदान. आणि महिनाभर त्यावर धान्याची कोठी ठेवू नका.

खोलीच नव्याने करायची तर काळी माती काढून मुरूम, तोही ६ इंचांच्या थरांनी पाणी मारत ठोकलेला. वर १:४:८ (सिमेंट, रेती, गिट्टी) चे ४ इंच काँक्रीट, मग मसाला, मग फरशी. मुरूम एकाच दिवशी ट्रॅक्टरने ओतून वर फरशी टाकणाऱ्या ठेकेदाराला तिथेच थांबवा.

नवीन फरशीची घिसाई कधी आणि कशी करून घ्यावी?

बसवल्यावर किमान ७ दिवस, आमच्या मते १४ दिवस थांबा. मसाला कच्चा असताना मशीनच्या हादऱ्याने फरशी सुटते.

क्रम असा: ६० नंबरच्या दगडाने उंच-सखल कडा सपाट. मग धुऊन फरशीच्या रंगाच्या सिमेंटने सांधे आणि छिद्रे भरणे, दोन-तीन दिवस सुकवणे. मग १२०, २२०, ४००, आणि जास्त चमक हवी तर ६००. शेवटी ऑक्झॅलिक पावडर पाण्यासोबत फिरवतात. तिचा चुनखडीशी संयोग होऊन वर पातळ, घट्ट थर बसतो. ही पावडर विषारी आहे. कामाच्या वेळी लेकरे आणि जनावरे दूर ठेवा, मजुरांना हातमोजे द्या, आणि त्या दिवशीचे धुण्याचे पाणी गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका.

घाईत नंबर गाळले जातात. ६० वरून थेट ४०० वर उडी मारली की चमक येते, पण आत गोल ओरखडे राहतात. पैसे देण्याआधी संध्याकाळी बॅटरी फरशीलगत आडवी धरून बघा, लगेच दिसतील. ठरवताना दर चौरस फुटाचा की ब्रासचा, त्यात किती नंबर, भिंतीकडेची हाताची घिसाई धरली का, आणि चिखल कोण उचलणार, हे चारही बोलून घ्या. तो चिखल नालीत गेला तर सुकून दगड होतो. खड्डा करून त्यात टाका.

मशीन ओल्यात चालते, म्हणून वायरीला जोड नको आणि अर्थिंग हवेच. न्हाणीत आणि सपरीत १२० वरच थांबवा. चकचकीत न्हाणी म्हाताऱ्या माणसाच्या कमरेवर येते.

मिस्त्री शेवटी सिमेंटचे शिंतोडे काढायला ॲसिड मारतो. चालेल?

नाही. शिंतोडे त्याच दिवशी बारदानाने आणि ओल्या भुशाने पुसून घ्या. राहिलेले घिसाईत निघतात.

जवसाचे तेल लावल्याने शहाबादी काळी कुळकुळीत होते म्हणतात.

होते, काही महिन्यांपुरती. जवसाचे तेल हवेत सुकून राळेसारखे होते. पातळ थर दिला तर ठीक, पण घरी सहसा वाटीने ओतले जाते आणि मग ते वरच्या वर चिकट राहून धूळ धरते. नंतर पिवळट-तपकिरी थर उरतो, तो घिसाईशिवाय निघत नाही. शिवाय जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आमचा कौल तेलाच्या विरोधात आहे. केरोसीन आणि जळके ऑइल तर नकोच.

सीलर, म्हणजे दगडाने पाणी-तेल पिऊ नये म्हणून लावायचा द्रव, लावावे का?

दगडावर पाण्याचा मोठा थेंब टाका. १० मिनिटांत गडद डाग पडला तर दगड पाणी पितो, सीलरचा उपयोग होईल. थेंब तसाच राहिला तर पैसे वाचले.

आत मुरणारे सीलर घ्या. वर वार्निशसारखा थर करणारे घेऊ नका. जमिनीलगतच्या खोलीत ओल वर येते, थराखाली अडकते आणि थर पांढरा होऊन पापुद्रे निघतात. दगड पूर्ण कोरडा हवा, म्हणून फेब्रुवारी-मार्च हा काळ योग्य. मेच्या दुपारी लावू नका, द्रव मुरण्याआधीच उडतो. कपड्याने पातळ लावा आणि डब्यावर दिलेल्या वेळेत, बहुधा १० ते १५ मिनिटांत, जादाचे पुसा. पुसायचे राहिले तर चिकट ढग दिसतात. २४ तास पाणी नको. सीलरने तेल-हळद आत जायला वेळ लागतो एवढेच. लिंबू सीलर लावलेल्या चुनखडीलाही खातेच.

अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरते, पाय घसरतो.

५ लिटर पाण्यात ब्लीचिंग पावडरचे दोन मोठे चमचे, निवळू द्या, वरचे पाणी ओता. १५ मिनिटांनी कडक ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. तुळस, विहीर आणि गुरांचे पाणी यांपासून दूर. सावलीत आणि पाणी साचते तिथे शेवाळ परत येणारच, उतार दुरुस्त केल्याशिवाय कायमचे जात नाही.

उन्हाळ्यात अंगणातल्या दोन फरश्या आपोआप उचलल्या गेल्या.

पारा ४५ च्या वर गेला की उन्हातला दगड त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि पसरतो. सगळे सांधे सिमेंटने गच्च भरले असतील तर पसरायला जागा नसते, मग मधल्या फरश्या तंबूसारख्या उभ्या राहतात. बाहेरच्या फरशीत दर ८ ते १२ फुटांवर एक सांधा सिमेंटऐवजी लवचिक सीलंटने भरून घ्या, भिंतीलगतही. तापलेल्या फरशीवर भर दुपारी गार पाणी मारू नका. सडा सकाळी किंवा दिवे लागणीला.

सणाला शहाबादीवर शेणाने सारवले तर?

अंगणातल्या खरबरीत फरशीवर खुशाल सारवा. पिवळ्या तांदूरवर आणि पॉलिशवर हिरवट डाग राहतो. रांगोळीचे तेच: पांढरी कुठेही चालते, पण लाल-जांभळा रंग ओल्या फरशीवर टाकू नका. पोळ्याला बैलाच्या अंगावरचा गेरू गळतो, तो सुकल्यावर आधी कोरडा झाडा, मग पाणी.